पनवेलला यावे कसे, फिरावे कसे?

आज आपण रायगड जिल्ह्यातील पनवेल शहराची वाहतूक समजून घेऊ. मुंबईहून पुण्याला, गोव्याला किंवा अलिबागला जाताना पनवेल लागतेच. त्यामुळे 'पनवेलला पोहोचायचं कसं' हा प्रश्न फारसा अवघड नाही. पाहुण्यांची खरी पंचाईत होते ती त्यापुढच्या शेवटच्या टप्प्यात. म्हणून या पाठात त्या टप्प्याकडे जास्त लक्ष देऊ.

थोडा इतिहास

रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईकर होडीने खाडीतून पनवेल बंदरात उतरत आणि तिथून बोरघाट चढून पुण्याला जात. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि या मार्गाचे महत्त्व वाढले. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, पण ती कल्याण-कर्जत मार्गे. पनवेल बाजूलाच राहिले! १९९८ साली मात्र चित्र बदलले. त्या वर्षी हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली आणि कोकण रेल्वेही पूर्ण मार्गावर धावू लागली. वाट बदलली की गावाचे नशीब कसे बदलते, याचे पनवेल हे उत्तम उदाहरण आहे.

पनवेलला येण्याचे मार्ग

१) लोकल : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हार्बर लोकलने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल आहे, पण फलक नीट वाचा. ठाणे-वाशी गाडीत बसलात तर पनवेल येणार नाही. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक आहे का तेही पाहा.

२) लांब पल्ल्याच्या गाड्या : कोकण, गोवा आणि केरळकडच्या अनेक गाड्या इथे थांबतात. दिवा, वसई आणि रोह्याकडूनही रेल्वेमार्ग पनवेलला येतात.

३) एसटी : मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग आणि कोकणातून बस येतात. मात्र पुण्याहून येणाऱ्या काही बस एसटी स्थानकात न शिरता कळंबोलीच्या बाजूने निघून जातात. म्हणून तिकीट काढतानाच कंडक्टरला विचारा, "गाडी पनवेल स्टँडमध्ये जाते का?"

४) स्वतःचे वाहन : मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग कळंबोलीजवळ सुरू होतो. त्यावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, त्यांनी जुन्या महामार्गाने यावे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या, सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूवरही दुचाकी चालत नाही.

५) विमान : पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली.

शहरात फिरताना

रेल्वे स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न : पूर्वेला की पश्चिमेला? नवीन पनवेल पूर्वेला आहे; जुने पनवेल आणि एसटी स्टँड पश्चिमेला. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात की सामान घेऊन पुन्हा पूल चढा!

जवळच्या अंतरासाठी रिक्षा आणि शेअर रिक्षा आहेत. बसण्याआधी मीटरने की ठरलेल्या भाड्याने, हे स्पष्ट विचारून घ्या. कामोठे, कळंबोली, खारघर अशा वसाहतींकडे नवी मुंबई महापालिकेच्या बस जातात. मेट्रोबद्दल मात्र गैरसमज नको. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेली मेट्रो बेलापूर ते पेंधर अशी खारघरमधून धावते, ती पनवेल स्टेशनला येत नाही.

तालुक्यात फिरताना

मुंबई-गोवा महामार्गाने निघालात तर आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण लागते. पुढे पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य येते. पेणकडे जाणाऱ्या एसटीने तिथे जाता येते, मात्र तो थांबा ती गाडी घेते का हे आधी विचारावे. कलावंतीण सुळक्यासाठी ठाकूरवाडीची, तर माथेरानच्या पायवाटेसाठी धोदाणीची एसटी आहे. विक्रम आणि मिनीडोअर गाड्याही धावतात, पण त्या शीट भरल्यावर सुटतात.

इथे एक नियम लक्षात ठेवा : जाताना परतीच्या गाडीची वेळ विचारा. गावाकडच्या फेऱ्या मोजक्या असतात. शेवटची बस चुकली तर पाहुणा जास्त पैसे देऊन गाडी करेल. पण त्याच बसने वाडीवरची मुलगी शाळेला येते, आजी दवाखान्यात येते, शेतकरी भाजी घेऊन बाजाराला येतो. बस आली नाही तर त्या मुलीचा दिवसाचा अभ्यास बुडतो. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना एसटीचा मोफत पास मिळतो, महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. या सवलती कामी येतात त्या गाडी वेळेवर आली तरच. म्हणून सुट्टीच्या दिवशी ट्रेकला जाताना मोठ्या बॅगा सीटवर ठेवू नका. गावकऱ्यांना आधी बसू द्या, ती त्यांची रोजची गाडी आहे.

शहर लोकांना चांगले जोडलेले आहे की नाही, हे फक्त महामार्ग मोजून कळत नाही. तालुक्याच्या टोकाच्या वाडीवर दिवसातून किती वेळा गाडी जाते, तेही पाहावे लागते.

स्वाध्याय

१) १९९८ हे वर्ष पनवेलसाठी महत्त्वाचे का आहे?
२) ठाण्याहून शिरढोणला जायचे आहे. कोणकोणती वाहने बदलाल ते क्रमाने लिहा.
३) तुमच्या गावाला येणारी पहिली आणि शेवटची बस किती वाजता असते? ती बंद झाली तर कोणाकोणाची अडचण होईल? घरी विचारून दहा ओळी लिहा.