आर्किटेक्चरला जायचंय? आधी एक जिना काढून बघा

‘इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, आर्किटेक्चरला घालू का?’ बारावीच्या निकालाच्या सुमारास हा प्रश्न हमखास कानावर येतो. शाळेतल्या एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा आणि वास्तुकला यांची सांगड आपल्याकडे इतकी पक्की आहे, की सी ग्रेड मिळालेल्या मुलाच्या घरी हा विषय निघतच नाही. यात दोघांचंही नुकसान होतं. ज्याचा हात सुरेख आहे तो पहिल्या-दुसऱ्या वर्षात चित्रांऐवजी विटांचे थर आणि पाइपांचे उतार काढावे लागतात म्हणून हिरमुसतो. आणि ज्याला बिघडलेला मिक्सर उघडून बघायची, नव्या घरात गेल्यावर आधी गच्ची गाठायची खोड आहे, तो या वाटेला फिरकतच नाही.

चाचणी घ्यायचीच तर जिन्याची घ्या. मुलाला किंवा मुलीला कागद, पट्टी आणि मेजरिंग टेप द्या आणि दुमजली घराचा जिना काढायला सांगा. समजा एका मजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंतची उंची ३ मीटर आहे. एका पायरीची उंची १५० मिलिमीटर धरली तर २० वेळा पाय उचलावा लागेल. पाय नीट टेकायला ३०० मिलिमीटर जागा धरली, तर सरळ जिन्याला १९ पायऱ्यांची मिळून ५.७ मीटर लांबी हवी. एवढी लांबी छोट्या घरात कुठून आणणार? मग जिना मध्येच वळवायचा, दोन तुकडे करायचे. आता लांबी लँडिंगसकट पावणेचार मीटरच्या आसपास येते, पण रुंदी दुप्पट होते. शिवाय लँडिंग येतं दीड मीटर उंचीवर, म्हणजे त्याखाली स्कूटर मावेल, माणूस ताठ उभा राहणार नाही. तिथून मागच्या अंगणात जायचं दार काढायचं होतं ना? ते गेलं. पायरी १७५ची केली तर १७ पायऱ्यांत काम भागतं, जागा वाचते. पण आजीच्या गुडघ्यांचं काय?

ही खटपट करताना मूल वैतागून कागद बाजूला सारतं, की ‘थांब, जिनाच दुसऱ्या कोपऱ्यात नेला तर?’ असं म्हणून नवा कागद ओढतं, ते बघा. नवा कागद ओढणाऱ्याला ही शाखा मानवते. रेषा जरा वाकडी असली तरी बिघडत नाही, ती दोन वर्षांत सरळ होते.

कारण पुढची पाच वर्षं नेमकं हेच चालतं. बी.आर्क.चा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, दहा सत्रांचा. बांधकाम व साहित्य, स्ट्रक्चर्स, हवामानशास्त्र, पाणीपुरवठा-वीज-अग्निशमनासारख्या सेवा, वास्तुकलेचा इतिहास, सर्वेक्षण, खर्चाचे अंदाज, व्यवसायाचे नियम असे विषय असतात. पण सगळ्यांच्या मध्यभागी असतो डिझाईन स्टुडिओ. तिथे पुस्तक पाठ करून भागत नाही. एक जागा देतात, एक गरज देतात. पहिल्या वर्षी छोटंसं घर किंवा बसथांबा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी शाळा, रुग्णालय, गृहसंकुल. आठवड्यामागून आठवडे त्याच एका प्रश्नावर आराखडे करायचे, शिक्षकांनी त्यावर लाल पेन फिरवायचं, पुन्हा करायचे. सत्राच्या शेवटी ज्युरी. शीट भिंतीवर टाचायच्या, मॉडेल टेबलावर ठेवायचं आणि शिक्षकांसमोर, बाहेरून आलेल्या आर्किटेक्टसमोर उभं राहायचं. तिथे कधी कौतुक होतं. कधी महिनाभराच्या कामावर पाहुणे दोन मिनिटांत विचारतात, ‘पावसाळ्यात इथून आत कसं यायचं?’ आणि उत्तर नसतं.

बारावीपर्यंत पंच्याण्णव टक्के मिळवलेल्या मुलांना हे फार लागतं. तिथे उत्तर बरोबर होतं किंवा चूक होतं, इथे ‘चालेल, पण अजून बरं होऊ शकतं’ हे वाक्य पाच वर्षं पाठ सोडत नाही. अंगावर आलेली टीका पचवून दुसऱ्या दिवशी त्याच शीटवर बसता येणं ही या शिक्षणातली सगळ्यात महाग गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही. पालकांनी इथे एक करावं. ज्युरीहून उतरलेल्या चेहऱ्यानं घरी आलेल्या मुलाला ‘मार्क किती?’ विचारू नये, ‘काय म्हणाले?’ विचारावं.

सबमिशनच्या आधी रात्र जागवण्याबद्दलही बोलायला हवं, कारण आर्किटेक्चरची मुलं ते मिरवतात आणि आईवडील घाबरतात. शेवटच्या रात्री थोडी धावपळ होतेच. माउंट बोर्ड कापायचा राहिलेला असतो, प्लॉटरवर रांग असते. पण प्रत्येक सबमिशनला सलग रात्री जागाव्या लागत असतील, तर त्यात मेहनतीपेक्षा नियोजनाचा गोंधळ जास्त असतो, कधी मुलाचा, कधी कॉलेजचा. हे सोसणं म्हणजे कलेची साधना वगैरे मला पटत नाही.

आता प्रवेशाचं. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही दार उघडं आहे. गणिताची भीती असणाऱ्यांना सांगतो, पुढे अवघड कॅल्क्युलस नाही, पण तुळईवर भार कसा येतो हे आकड्यांत कळावं लागतं. प्रवेश परीक्षा दोन. वास्तुकला परिषदेची नाटा आणि जेईई मेनचा बी.आर्क.साठीचा पेपर २ए. नाटा सध्या २०० गुणांची असते. त्यातले ८० कागदावरच्या रेखाटन-रचनेला, १२० संगणकावरच्या प्रश्नांना. महाराष्ट्रातल्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅप फेऱ्यांत बारावीचे गुण आणि या परीक्षेचे गुण यांना सारखंच वजन असतं, म्हणून फेब्रुवारीत ‘बारावी जाऊ दे, नाटाचं बघू’ म्हणणारे पस्तावतात. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्था आणि दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याची एसपीए यांचे प्रवेश जेईईच्या पेपरवर होतात. खरगपूर, रुरकी, वाराणसी इथल्या आयआयटींत जायचं तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड आणि त्यावर वेगळी अभिक्षमता चाचणी. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा शेजारच्या दादाच्या आठवणींवर न जाता चालू वर्षाची माहितीपुस्तिका उघडावी.

कॉलेज निवडताना पहिला प्रश्न मान्यतेचा. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही, आणि ही नोंदणी मान्य पदवीवरच होते. मान्यता परिषदेची की तंत्रशिक्षण पाहणाऱ्या एआयसीटीईची, हा वाद बरीच वर्षं चालला. तो सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला नोव्हेंबर २०१९मध्ये, आणि खटला होता कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या वास्तुकला महाविद्यालयाचा. वास्तुकलेच्या शिक्षणात परिषदेचाच शब्द शेवटचा, असं ठरलं. म्हणून परिषदेच्या यादीत कॉलेजचं नाव स्वतः शोधा. इंटिरिअरच्या एक-दोन वर्षांच्या कोर्समधून चांगला व्यवसाय उभा राहू शकतो, पण त्यातून आर्किटेक्ट होता येत नाही. समुपदेशकाच्या गुळगुळीत माहितीपत्रकात हा फरक कधीकधी बारीक अक्षरात असतो.

याच कायद्याची दुसरी बाजू पालकांना क्वचित कुणी सांगतं. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कायदा ‘आर्किटेक्ट’ या नावाला संरक्षण देतो, कामाला नाही. नाव न लावता इमारतीचं डिझाईन करणाऱ्याला तो अडवत नाही. आणि तालुक्याच्या गावी नकाशे काढून देणारे सिव्हिल इंजिनिअर पूर्वीपासून आहेतच. म्हणजे पदवी मिळाली की कामं चालत येतील, डॉक्टरसारखी पाटी लावली की रांग लागेल, असं इथे नाही.

त्यामुळे पैशाचं गणित आधीच मांडून ठेवलेलं बरं. अठराव्या वर्षी प्रवेश, तेविसाव्या वर्षी पदवी. मधे एक सत्र कुठल्यातरी ऑफिसात प्रॅक्टिकल ट्रेनिंग, ज्याचं मानधन बऱ्याच ठिकाणी लोकलच्या पासात आणि डब्यात संपतं. मग नोकरी, आणि पहिला पगार हिंजवडीत आयटी कंपनीत बसलेल्या चुलतभावापेक्षा बहुतेक वेळा कमी. पहिली दोन-तीन वर्षं वर्किंग ड्रॉइंग काढण्यात, साइटवर सळया मोजण्यात, कंत्राटदाराशी हुज्जत घालण्यात जातात. स्वतःची प्रॅक्टिस उभी राहायला त्यानंतरही काही वर्षं. घरचा खर्च बावीस-तेविसाव्या वर्षापासून मुलाच्या पगारावर चालवायचा असेल, तर ही अडचण प्रवेशाआधी घरात मोकळेपणानं बोलायला हवी. मुलाला ती चौथ्या वर्षी कळू नये.

इथे आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं उदाहरण नेहमी देतात. १९२७मध्ये पुण्यात जन्म, मुंबईच्या जे.जे. वास्तुकला महाविद्यालयात शिक्षण, पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या ऑफिसात सुरुवातीचे आठ महिने बिनपगारी, आणि २०१८मध्ये, वयाच्या नव्वदीत, वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. उमेद देणारी गोष्ट खरीच. पण तिच्या आधारानं नव्या मुलांना फुकट राबवणारी ऑफिसं आहेत, आणि तिथे पालकांनी ठामपणे नाही म्हणावं. आणखी एक, दोशींनी जे.जे.ची पदवी पूर्ण केली नव्हती. तेव्हा १९७२चा कायदा नव्हता, आता आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे मला जास्त उपयोगी उदाहरण वाटतात. जे.जे., मग हार्वर्डला ग्रोपियस यांच्या हाताखाली शिक्षण, आणि पुढे कानपूर आयआयटीचा परिसर. लहान गावातून आलेल्या मुलाला दार उघडत नाही असं म्हणणाऱ्यांना हे नाव सांगावं.

काम कुठे मिळतं? बंगल्यांची स्वप्नं सगळे बघतात, पण मुंबई-पुण्यात सध्या मोठा हिस्सा पुनर्विकासाचा आहे. जुन्या सोसायट्या पाडून नव्या उभ्या राहतात. एफएसआय, पार्किंग, मोकळ्या जागांचे नियम यांचा हिशोब ज्याला जमतो त्याला काम कमी पडत नाही. महापालिकेत मंजुऱ्यांचा पाठपुरावा करणं, ज्याला मुंबईत लायझनिंग म्हणतात, हाच काहींचा पूर्ण व्यवसाय आहे. कॉलेजात याला नाकं मुरडतात. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही, फक्त ते रुक्ष आहे हे ठाऊक असावं. याशिवाय जतन-संवर्धन, लँडस्केप, नगररचना, अर्बन डिझाईन अशा पदव्युत्तर वाटा आहेत. सार्वजनिक बांधकाम विभागात वास्तुशास्त्रज्ञांची पदं असतात, आणि नगररचना विभागातल्या सहायक नगररचनाकाराच्या परीक्षेला स्थापत्य अभियंत्यांबरोबर आर्किटेक्टही बसू शकतात. परदेशी जायचं असेल तर आपल्या पदवीवर तिथे नोकरी मिळू शकते, पण ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायला ब्रिटन किंवा अमेरिकेत तिथल्या परीक्षा आणि अनुभवाच्या अटी पुन्हा पार कराव्या लागतात.

मुलीला साइटवर जाववेल का, ही चिंता अजून घराघरांत आहे. आर्किटेक्ट पेरीन मिस्त्रींनी १९३६मध्येच जे.जे.मधून पदविका घेतली होती. आज बऱ्याच वर्गांत मुली मुलांपेक्षा जास्त दिसतात. साइटवरची खरी अडचण बोलायची तर ती धाडसाची नसते, स्वच्छतागृहाची असते. ती कंत्राटदारांनी आणि ऑफिसांनी सोडवायची आहे.

आणि खर्च. फीच्या आकड्यावर थांबू नका. दुसऱ्या वर्षापासून बरं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप, मॉडेलचं साहित्य, प्रिंट आणि दरवर्षीची अभ्याससहल हेही धरा. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते. २०२४-२५पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी प्रवेश कॅप फेरीतून झालेला असावा लागतो. संस्था स्तरावरची जागा घाईनं पकडली की ही सवलत गेली.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रवेशद्वाराच्या काचा बघू नका, चौथ्या वर्षाच्या वर्गात जा. भिंतीवर शीट आहेत का? स्टुडिओ घेणाऱ्यांपैकी किती जण स्वतः प्रॅक्टिस करतात? वर्कशॉपला कुलूप आहे का? गेल्या वर्षी ट्रेनिंगला मुलं कुठे गेली? ही उत्तरं प्राचार्यांपेक्षा कँटीनमधली मुलं खरी देतील, आणि त्यांच्याशी बोलायला तुम्ही नको, तुमच्या मुलालाच पाठवा.