कागदावरचे ॲव्हरेज

सुट्टीत बेहालाला मामांकडे होतो. त्यांच्या स्पोर्ट्स कारचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला १६ किलोमीटर. टाकीत दीड लिटर पेट्रोल, हावडा स्टेशन १२ किलोमीटर. "पुरेल मामा," मी म्हणालो. डायमंड हार्बर रोडला कोंडी लागली. हावडा पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली. रेल्वे चुकली; शाळेत एक दिवस उशिरा हजर झालो.

प्रमाणित चाचणीत गाडी रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगक्रमाने चालवतात. कोंडीत मात्र इंजिन पेट्रोल पिते आणि अंतर शून्य.

खरे ॲव्हरेज असे काढा : टाकी पूर्ण भरा, गाडी चालवा, पुन्हा पूर्ण भरा. अंतराला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. मामांनी नंतर मोजले : १४० ÷ २० = ७. म्हणजे दीड लिटरला साडेदहा किलोमीटरच!

कॅडेट मित्रांनो, आधी मोजा, मग "पुरेल" म्हणा.