आधी टाकीत हात घालून बघ

शोभा, काल फोनवर म्हणालीस, "ताई, या बॅचपासून अँटिबायोटिक बंद, पाण्यात हळद-ओव्याचा अर्क सोडणार." ऐकून बरं वाटलं गं. औषधाला निर्ढावलेले जंतू शेडमध्ये थांबत नाहीत, माणसांपर्यंत येतात. म्हणून तर 2019 मध्ये सरकारने कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला बंदी घातली. पण मी केलेली चूक तू करू नकोस.

पहिल्या उन्हाळ्यात मी घरची हळद उकळली, फडक्यातून गाळली आणि टाकीत ओतली. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! गाळ बसला, पक्ष्यांचे पाणी प्यायचे निपल चोंदले. भर दुपारी पक्षी चोची वासून धापा टाकत होते आणि टाकी भरलेली होती. संध्याकाळी मेलेले पक्षी मी घमेल्यात भरले. ते घमेलं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

ओव्याचंही तसंच. पोट दुखलं की आई ओवा चावायला द्यायची ना, त्याचा तो झणझणीत वास थायमॉलचा. जंतूंना ते मारतं, पण ओव्याचं तेल पाण्यावर तरंगतं. मग कुणाला नुसतं पाणी, कुणाला एकदम जहाल. त्यापेक्षा पाण्यात मिसळणारं तयार द्रावण घे आणि बाटलीवरच्या मापानेच घाल. कडुनिंबही घालायचा विचार असेल तर जपून, काढा कडू झाला तर पक्षी पाणी तोडतात. पाणी तुटलं की खाद्य तुटतं, मग वजन कुठून येणार?

अर्क संपला की पाइपलाइन फ्लश कर, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो आणि जंतूंना तिथेच घर मिळतं. मानमोडीची लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी अर्क, क्लोरीन काही नको. अर्क आहे म्हणून लस मात्र चुकवायची नाही, बाई. आणि कंपनीची पिल्लं आहेत, तेव्हा सुपरवायझरला आधी विचार.

यंदा अर्ध्याच शेडला दे. मधे जाळी लाव, टाकी वेगळी ठेव. दर आठवड्याला दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी तोल, मरतूक वहीत लिही. पस्तिसाव्या दिवशी ती वही घेऊन माझ्याकडे ये.