घोडा नखावर उभा राहतो!

हाताचे फक्त मधले बोट टेबलावर उभे टेकवा आणि मनगट वर उचला. घोडा असाच उभा असतो, प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर! त्याच्या पुढच्या पायाचा ‘गुडघा’ म्हणजे खरे तर मनगट, आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख.

नख व खूर दोन्ही केराटिन या प्रथिनाचे बनतात. आपले नख महिन्याला सुमारे ३ मि.मी. वाढते, खूर ८ ते १० मि.मी. खडकाळ माळावर भटकणाऱ्या रानघोड्याचा खूर वाढतो तसा झिजतोही. तबेल्यातल्या घोड्याची झीज कमी, वाढ मात्र चालूच. म्हणून नाल न ठोकलेल्या घोड्याचे खूर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी छाटावे लागतात.

न छाटले तर काय होईल? ४०० किलोच्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर, म्हणजे एकेका खुरावर १२० किलो असते. खुराचे टोक लांबले की ते तरफेसारखे काम करते. प्रत्येक पावलागणिक खुराची भिंत आतल्या भागापासून उचकटली जाते. फटीत माती शिरते, खूर चिरतो आणि घोडा लंगडू लागतो.

नालबंद काय करतो ते पाहा. प्रथम तो आकडीने चिखल काढतो. तळव्याच्या कडेला एक पिवळसर रेघ दिसते. तिला ‘पांढरी रेघ’ म्हणतात. भिंत आणि तळवा येथे जुळतात. रेघेबाहेरच्या भिंतीत रक्त नाही, मज्जातंतू नाहीत. म्हणून तिचा वाढलेला भाग कापताना दुखत नाही. तळव्याच्या मधला रबरासारखा त्रिकोणी भाग धक्का सोसतो. त्याची फक्त लोंबणारी सालपटे काढतात. मग कानशीने खूर सपाट करून बाहेरची कड गोल करतात, म्हणजे तिचे टवके उडत नाहीत. शेवटी घोडा चालवून दोन्ही बाजू सारख्या टेकतात ना, हे पाहतात. हे काम शिकलेल्या माणसाचेच. जास्त कापले, तर जिवंत भाग उघडा पडतो.

आता एक हिशेब करा. खुराच्या पुढच्या भिंतीवर, केसांच्या कडेशी खाच पडली. तेथून जमीन ८ सें.मी. दूर आहे आणि खूर महिन्याला ८ मि.मी. वाढतो. खाच जमिनीपर्यंत पोचायला किती महिने लागतील?

दहा! खुराची जखम लवकर पुसली जात नाही. म्हणूनच छाटणी थोडी थोडी, पण वेळच्या वेळी करायची.