देवाचा करार आणि अकरा महिन्यांचा करार



'करार' हा शब्द आपण नागपुरात बहुधा घरमालकाच्या तोंडून ऐकतो. अकरा महिन्यांची मुदत, दोघांच्या सह्या, साक्षीदार. एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. पवित्र शास्त्रातील देवाचा करारही आपल्यापर्यंत याच शब्दाने आला आणि त्यामुळे थोडा घोटाळा झाला आहे.

उत्पत्तीचा १५वा अध्याय पाहू या. त्या काळी करार करणारे कापलेल्या पशूंच्या दोन भागांमधून चालत जात. शब्द मोडला तर आमचीही अशीच गत होवो, असा त्याचा अर्थ. अब्रामाने पशू कापून समोरासमोर मांडले. पण सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागली आणि त्या तुकड्यांमधून गेली ती धुमसणारी भट्टी व जळती मशाल. अब्राम चाललाच नाही. शपथेचा भार देवाने एकट्याने घेतला. पुढे १७व्या अध्यायात सुंता सांगितली आहे हे खरे, पण ती कराराची खूण आहे, किंमत नव्हे.

आणि पूर्तता? मुलगा मिळाला, देश मिळाला नाही. सारा वारली तेव्हा अब्राहामाला तिच्या कबरेसाठी जागा विकत घ्यावी लागली. मकपेलाची गुहा व शेत यांसाठी त्याने एफ्रोन हित्तीला ४०० शेकेल चांदी तोलून दिली. वचनदत्त देशात त्याच्या नावावर झाले ते एक कबरस्तान!

ही खूण जपणारे लोक आपल्याच महाराष्ट्रात राहिले. कोकणातील बेने इस्राएल मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, असे त्यांची परंपरा सांगते. धर्मग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते. पण आठव्या दिवसाची सुंता, शब्बाथ आणि 'शेमा' ही प्रार्थना टिकली. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले ते १७९६ साली.

यिर्मया (३१:३१-३४) नवा करार सांगतो, दगडावर नव्हे तर हृदयावर लिहिलेला. तोही इस्राएल व यहूदा यांनाच सांगितलेला आहे, हे आपण सहसा विसरतो. शेवटच्या भोजनात प्याला हाती घेऊन प्रभू येशूने तो करार आपल्या रक्तात केला. आपण नंतर बोलावलेले पाहुणे. पौलाच्या भाषेत, कलम केलेली रानटी जैतुनाची फांदी.

मग जुना करार रद्द झाला काय? पुष्कळ भाविक तसे समजतात. आम्हाला हे मत धोक्याचे वाटते. देव इस्राएलला दिलेला शब्द मागे घेऊ शकत असेल, तर आपल्या बाप्तिस्म्यातील वचनाची हमी कोण देणार? रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात पौल सांगतो की, देवाची दाने व पाचारण मागे घेतली जात नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हीच शिकवण पुढे आणली, आणि १९८० साली जर्मनीतील माइन्झ येथे यहुदी प्रतिनिधींसमोर बोलताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी, देवाने हा करार कधीच रद्द केलेला नाही, असे स्पष्ट म्हटले.

मात्र पौलाने प्रश्न सोपा केलेला नाही. ख्रिस्ताविना तारण नाही हेही तोच सांगतो, आणि दोन्ही सत्ये एकत्र धरताना 'रहस्य' हा शब्द वापरतो. या आठवड्यात ९ ते ११ हे अध्याय घरी सलग वाचावेत. आरंभी पौलाचे दुःख आहे, शेवटी देवाची स्तुती. मधला भाग कठीण आहे. तो घाईने वाचू नये.