जुने कपडे पाठवू नका

मदतीच्या आवाहनात हे वाक्य लिहायला धीर लागतो. लिहिणारा उद्धट वाटतो. ज्यांचं घर जळालं त्यांना कसली आलीय निवड, असंही कुणीतरी सुनावतं. तरी लिहा, आणि अगदी वरच लिहा.

आमचा ग्रुप गच्चीवर बाग करणाऱ्यांचा. कोकोपीट कुठे स्वस्त मिळतं, मिलीबगवर काय फवारायचं, एवढ्यापुरती एकमेकांची ओळख. निम्म्या जणींचे चेहरे मला माहीत नाहीत, त्यांच्या जास्वंदी मात्र ओळखते. माझी साताऱ्याची मैत्रीण याच ग्रुपमधली, बियांच्या देवाणघेवाणीतून जवळची झालेली. एका सकाळी ती गच्चीवर झाडांना पाणी घालत होती आणि खाली शेगडीच्या नळीतून गॅस गळत होता. हा वायू हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत पसरत देवघरातल्या समईपर्यंत पोचला. माणसं वाचली, कारण घरात कुणी नव्हतं; सासूबाई शेजारी बसायला गेल्या होत्या. बंब येईपर्यंत स्वयंपाकघर आणि मधली खोली गेली. उरलेल्या घरात काजळी आणि बंबाचं पाणी.

ग्रुपवर बातमी टाकली आणि संध्याकाळपर्यंत माझा फोन हातात धरवेना. कुकर देणाऱ्या, गाद्या देणाऱ्या, साड्यांची गाठोडी बांधून तयार असलेल्या. एकीने तर रोपं कुरिअर केली, त्यांना पाणी घालायला नळ चालू आहे की नाही हे न विचारता. हसू नका, आमच्याकडे प्रेम दाखवायची तीच रीत आहे.

या सगळ्या गलक्यात मैत्रिणीला विचारलं, काय पाठवू? ती म्हणाली, "अगं, आधी चष्मा. सगळे कागदावर सह्या मागतायत आणि मला एक अक्षर दिसत नाहीये."

चष्मा कुणाच्याच यादीत नव्हता. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्याही नव्हत्या. चिठ्ठी जळाली होती, नेहमीच्या औषधवाल्याकडे जुनं बिल सापडलं म्हणून निभावलं. मोबाइलचा चार्जर, नवी अंतर्वस्त्रं (माप विचारून, न लाजता), सकाळचा चहा आणि दार लावून रडता येईल अशी एखादी खोली, पहिले काही दिवस एवढंच लागतं. कुकर ठेवायला ओटा लागतो, आणि तो तर जळालेला. म्हणून वस्तूंची यादी घरातल्या बाईकडूनच घ्या. नवऱ्याला विचारलं की तो "काही नको, सगळं ठीक आहे" म्हणतो, आणि दिराला विचारलं की तो टीव्ही सांगतो. सामान साताऱ्यातच एका शेजाऱ्यांच्या पडवीत उतरवायचं, तिच्या दारात नाही, हे आम्ही ठरवलं आणि त्यानेच बरंचसं सावरलं.

सर्वांत धोक्याची मदत मात्र झाडू घेऊन आली. जवळच्या गावांतल्या आमच्या काही उत्साही मंडळींनी रविवारी जाऊन घर स्वच्छ करायचं ठरवलं. हेतू सोन्यासारखा. पण अजून विम्याचा सर्व्हेअर यायचा होता. जळालेली नळी, वितळलेला रेग्युलेटर, काळा पडलेला फ्रिज हे त्या दिवशी कचरा नव्हते, पुरावा होते. मी फोनवर अक्षरशः भांडून त्यांना थांबवलं, आणि दोघी-तिघी माझ्याशी त्यानंतर बोलत नाहीत. चालेल. पोलिसांचा पंचनामा, अग्निशमन दलाचा दाखला, प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो आणि सर्व्हेअरची पाहणी, हे झाल्याशिवाय घरातली राखही हलवू देऊ नका.

विमा कसला, असं ग्रुपवर बहुतेकांनी विचारलं. घरगुती गॅसजोडणी घेतलेल्या प्रत्येकासाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो. ग्राहक त्याचा वेगळा हप्ता भरत नाही, त्यामुळे तो आहे हेच कुणाच्या गावी नसतं. गॅसमुळे झालेल्या दुर्घटनेत मृत्यू झाल्यास माणशी 6 लाख, आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेला जास्तीत जास्त 2 लाख रुपये. अट अशी की आगीचं मूळ कारण गॅसच हवा, आणि मालमत्तेची भरपाई जोडणी ज्या पत्त्यावर नोंदलेली आहे तिथेच मिळते. घर बदलून वर्षं झाली तरी जुन्या पत्त्याचं गॅसचं पुस्तक जपणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. एजन्सीला लगेच लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलं ते हवेत जातं.

फडताळातल्या स्टीलच्या डब्यात तिची भिशीची रक्कम होती. नोटा कडेने काळ्या, एकमेकींना चिकटलेल्या, हात लावला की भुगा. ग्रुपवर एकाने त्या सुट्या करून इस्त्री करायला सांगितलं! तसं काही करू नका. इतक्या जळालेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात द्याव्या लागतात आणि नोटेचा किती भाग शाबूत आहे यावर परतावा ठरतो. डबा आहे तसा, न हलवता न्यायचा.

आता पैशांचं. माझ्या खात्यावर गोळा करा, मी पोचवते, असं म्हणणं सोपं होतं. मी नाही म्हटलं. शंभर जणांचे पैसे आपल्या खात्यात आले की ते आपले नाहीत हे आपल्यालाच सिद्ध करत बसावं लागतं. पैसे थेट त्या घराच्या खात्यात जावेत. त्यातही एक खाच आहे: मित्रमैत्रिणी आयकराच्या हिशेबात नातेवाईक नसतात. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम 50,000 रुपयांच्या वर गेली, तर ती सगळीच्या सगळी करपात्र धरली जाते. त्यामुळे रक्कम वाढतेय असं दिसताच सीएचा सल्ला घ्या, मार्चची वाट पाहू नका. देणाऱ्यांची नावं आणि रकमा एका वहीत उतरवा, पण ती यादी ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे एका मावशींनी एकशे एक रुपये दिले होते. त्यांच्या शेजारी पाच आकडी रकमा छापल्या असत्या, तर त्या मावशी पुन्हा काही लिहायला धजावल्या नसत्या.

चौथ्या-पाचव्या हाती गेलेल्या आमच्याच आवाहनात कुणीतरी यूपीआय क्रमांक बदलला. मजकूर तोच, फोटो तोच. नागपूरच्या एका दादांनी पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि हे कोण म्हणून विचारलं, म्हणून कळलं. लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली. तेव्हापासून मी सांगते की आवाहनात खातेदाराचं नाव बँकेत आहे तसंच लिहा, तारीख घाला, आणि मदत कधी बंद होणार तेही घाला. अनेकदा पुढे गेलेला मेसेज व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं, तरी तो चालतच राहतो. फोटो टाकायचाच तर भिंतीचा टाका. तिचा रडतानाचा फोटो कुणीतरी टाकला होता, तो काढायला लावला. तिची मुलगी त्याच शहरात कॉलेजला जाते.

दुसऱ्या महिन्यात ग्रुप पुन्हा मिलीबगवर आला, आणि ते योग्यच आहे. पण खर्च तेव्हाच सुरू होतो: वायरिंग, प्लास्टर, रंग, भाड्याच्या घराचं डिपॉझिट, जळालेल्या दहावीच्या गुणपत्रिकेसाठी विभागीय मंडळात अर्ज. म्हणून जमलेल्यातला निम्मा भाग तिला तेव्हासाठी वेगळा ठेवायला सांगितला. दोघींनी फक्त कागदांचं काम घेतलं. फॉर्म भरणं, झेरॉक्स, रांगेत उभं राहणं. कुकरपेक्षा हे कितीतरी जड काम होतं, आणि त्याचे आभार कुणी ग्रुपवर मानले नाहीत.

ते आवाहन अजूनही कुठेतरी फिरतंय. मधूनच लातूरहून नाहीतर डोंबिवलीहून फोन येतो, "ताई, त्या सातारच्या बाईंना काही पाठवू का?" मी सांगते की त्यांचं आता बरं चाललंय, घेवड्याचं बी जास्त झालंय त्यांच्याकडे, तुम्हाला हवं असेल तर पत्ता द्या.