परमेश्वराचे सख्य

शास्त्रवाचन : निर्गम 33:7-11, योहान 15:9-17
मननासाठी वचन : स्तोत्र 25:14



जयपूर शहराच्या कडेला, अरवलीच्या टेकड्यांना लागून, झालाना नावाचा भाग आहे. एका बाजूस कचेऱ्या व संस्थांच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूस बिबट्यांचे जंगल. काही वर्षांपूर्वी राजस्थानातील एका बोलीभाषेत होत असलेल्या स्तोत्रसंहितेच्या भाषांतराचा मसुदा तपासण्यासाठी आम्ही काही जण तेथे एकत्र जमलो होतो. पंचविसाव्या स्तोत्राच्या चौदाव्या वचनाशी आलो आणि काम अडले.

या वचनात ‘सोद’ असा इब्री शब्द आहे. एकत्र बसलेल्या जिवाभावाच्या माणसांची बैठक आणि त्या बैठकीत होणारी मनातली बोलणी, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. परमेश्वराचे भय धरणाऱ्यांना परमेश्वराचा हा ‘सोद’ लाभतो, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. मराठीत आपल्याला सख्य, हितगुज, मसलत असे शब्द आठवतात. तेथील एका बंधूंनी ‘हथाई’ हा शब्द सुचवला. मारवाडाकडे गावातील माणसे जेथे बसून गप्पागोष्टी करतात, त्या बैठकीला हथाई म्हणतात. आपल्याकडील पारावरची बैठकच ती. परंतु मसुदा ऐकण्यासाठी बोलावलेल्या एका वृद्ध भगिनींनी मान हलवली. त्या म्हणाल्या, “हथाई तर साऱ्या गावाची. ती उठते, लोक घरोघर जातात आणि दोघेच मागे राहतात. मग ते जे बोलतात ना, ते हे.”

त्या भगिनी फारशा शिकलेल्या नव्हत्या. पण वचनाचे मर्म त्यांनी आम्हां सर्वांआधी ओळखले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या आदल्या वर्षी माझी पत्नी बरेच दिवस रुग्णालयात होती. तिच्या खाटेशेजारी बसून मी अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राची टिपणे काढत असे. एका दुपारी तिने विचारले, “अहो, देवाच्या शब्दांविषयी तुम्ही इतकं बोलता. देवाशी बोलता का?” मी हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर ‘नाही’ असे होते. विलापाचा प्रत्येक इब्री शब्द मला फोडून सांगता येत होता. पण तिच्यासाठी स्वतःचा एक शब्द देवापुढे काढता येत नव्हता. मी हथाईत नित्य हजर होतो. मागे मात्र कधी राहिलो नव्हतो.

धर्म सापडतो, प्रभू राहून जातो

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. संस्कृत विद्येबद्दल कलकत्त्यात ‘सरस्वती’ ही पदवी मिळालेल्या या विदुषीने ख्रिस्ती सिद्धांत पारखून स्वीकारला होता. तरी 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असा जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना ही उणीव उमगली आणि त्यांनी प्रभूला सर्वस्वी शरण जाऊन त्याला जवळ केले. शारदा सदन 1889 सालीच सुरू झाले होते. म्हणजे सेवाही चालू होती. ज्ञान होते, सेवा होती, त्यागही होता. तरी जवळीक नव्हती. वाचकहो, आपण आपल्या मंडळीत कोणत्या सेवेवर आहोत, यावरून आपल्या सख्याचे माप घेता येत नाही.

1. हे नाते प्रभूने दिले आहे

महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेत नवविधा भक्ती सांगितली आहे. तिच्यात सातवी दास्य आणि आठवी सख्य. दास्यापुढे सख्याची पायरी, हा क्रम आपल्या कानांना ओळखीचा आहे. योहानाच्या पंधराव्या अध्यायातही तोच क्रम दिसतो. पण पायरी चढणारा कोण, ते पाहा. शिष्यांनी सख्य साधले असे तेथे म्हटलेले नाही. यापुढे मी तुम्हांला दास म्हणत नाही, मित्र म्हटले आहे, असे प्रभू सांगतो. नाव देणारा तो, निवडणारा तो आणि मित्रांसाठी प्राण देणाराही तोच. त्याच रात्री ही मित्रमंडळी त्याला सोडून पळणार होती. ते ठाऊक असूनही त्याने हे नाव परत घेतले नाही. म्हणून आपली योग्यता वाढली म्हणजे सख्य होईल, अशी वाट पाहत बसू नका. वधस्तंभावर त्याची किंमत भरून झाली आहे.

2. मागे राहिल्याने ते वाढते

माणूस आपल्या मित्राशी बोलतो तसा परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलत असे, असे निर्गम 33:11 मध्ये आपण वाचतो. तेथील इब्री शब्द ‘रेआ’, म्हणजे सोबती, शेजारी. शेजाऱ्यावर प्रीती करावी या लेवीय 19:18 मधील आज्ञेतही हाच शब्द आहे. हे सख्य म्हणजे एखाद्या दिवशी होणारा दिव्य साक्षात्कार नव्हे. ते शेजारासारखे रोजचे आहे. त्याच वचनाचा शेवट आपण बहुधा घाईने वाचतो : मोशे छावणीत परत जाई, पण तरुण यहोशवा मंडपातून हलत नसे. तो मागे राही. पुढे इस्राएलाचे नेतृत्व ज्याला मिळाले, त्याची तयारी तेथे, कोणी पाहत नसताना झाली.

झालानाच्या जंगलात पर्यटकांना गाडीतून नेतात. एका सकाळी आम्हीही गेलो. आमचा एकच प्रश्न, बिबट्या दिसेल काय? वाटाड्या मात्र धुळीतले ठसे पाही, मोर ओरडला की गाडी थांबवी, वानरांच्या आवाजावरून दिशा ओळखी. त्या दिवशी बिबट्या दिसला नाही. आम्ही हिरमुसलो, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेने जाणार होता. पुष्कळ विश्वासणारे प्रार्थनेला पर्यटकासारखे जातात. एकदा गेले, काही ‘दिसले’ नाही, परत आले. परंतु ज्याची वाट रोजची असते, त्याला हळूहळू खुणा कळू लागतात. आणि आपला परमेश्वर तर दडून राहणारा नव्हे; तोच प्रथम आपल्याला शोधत येतो.

3. त्यात मनातले खरे बोलता येते

अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राच्या शेवटच्या वचनात माझा प्रिय आणि माझा सोबती तू माझ्यापासून दूर केलास, अशी तक्रार आहे. तेथे ‘ओहेव’ व ‘रेआ’ हे दोन शब्द एकत्र येतात. यशया 41:8 मध्ये अब्राहामाला देवाचा मित्र म्हटले आहे, ते ‘ओहेव’ याच शब्दाने. आणि ‘रेआ’ हा मोशेचा शब्द. मैत्रीचे दोन्ही शब्द हरवले, असे हा दुःखी मनुष्य सांगतो. पण कोणाला सांगतो? परमेश्वरालाच! त्याचे स्तोत्र अंधारातच संपते. तरी अंधारातही तो बोलणे थांबवत नाही. रुग्णालयात मी या शब्दांची टिपणे काढली, पण वाट मात्र ओळखली नाही. शब्द सुचत नसतील तर ‘प्रभू, मला बोलता येत नाही’ एवढे तरी त्यालाच सांगावे. तीही प्रार्थनाच आहे.

4. त्याची चिंता आपली होते

तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल तर माझे मित्र आहात, हे प्रभूचे म्हणणे प्रथम विचित्र वाटते. मित्राला आज्ञा कोण करतो? उत्तर पुढच्याच वचनात आहे. धनी काय करतो हे दासाला कळत नाही. मित्राला प्रभूने पित्याचे मनोगत कळवले आहे. दोघेही आज्ञा पाळतात. एक न कळता, दुसरा कळून. सदोमाविषयीचा आपला हेतू देवाने अब्राहामाला कळवला (उत्पत्ती 18), तेव्हा अब्राहामाने या जवळिकीचा उपयोग स्वतःसाठी केला नाही. परक्या नगरासाठी तो रदबदली करीत उभा राहिला. खऱ्या सख्याची ही खूण आहे. रमाबाईंच्या बाबतीतही हेच घडले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली व विधवांना आसरा दिला. पुढे साध्यासुध्या स्त्रियांना समजावे म्हणून इब्री व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. 1921 साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरी ते काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे त्या प्रभूकडे गेल्या.

एक इशारा

गेथशेमाने बागेत धरून देणाऱ्या यहूदाला प्रभूने मित्र म्हणून हाक मारली (मत्तय 26:50). पण तेथील ग्रीक शब्द ‘हेताइरॉस’ आहे. त्याचा अर्थ सोबती, सहकारी. योहान 15 मधील ‘फिलॉस’, म्हणजे जिवलग, हा तो शब्द नव्हे. यहूदा तीन वर्षे पंक्तीला बसला, थैली सांभाळली आणि सहकारीच राहिला. आपण जे प्रभूच्या घरात काम करतो, त्यांनी हा शब्द भीत भीत वाचावा. मी तो तसा वाचू लागलो आहे.

माझी पत्नी प्रभूच्या कृपेने बरी झाली. झालानाहून परतल्यावर मी तिला सांगितले, की तुझ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे होते. ती एवढेच म्हणाली, “मला ठाऊक होतं.” तेव्हापासून सकाळी मसुद्याची वही उघडण्यापूर्वी मी थोडा वेळ वही मिटून बसतो. पहिले कित्येक आठवडे मन कोरडेच होते. आजही काही दिवस तसेच जातात. तरी मागे राहतो. कारण ज्याने मला मित्र म्हटले, तो माझ्या आधी तेथे बसलेला असतो.

मनन व चर्चेसाठी

1. माझ्या सेवेतून प्रभूच वजा झाला आहे काय?
2. मी देवाला आजवर न सांगितलेली गोष्ट कोणती?
3. या आठवड्यात कोणासाठी मी अब्राहामासारखा उभा राहीन?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आम्हांला मित्र म्हटलेस. आम्ही तुझ्या कामात रमलो आणि तुला एकटे सोडले, याची क्षमा कर. सर्व उठून गेल्यावर तुझ्यापाशी मागे राहण्यास आम्हांला शिकव. आमेन.